गळक्या नळाचे गुण

गणित कुणावर दया करत नाही, हे माझं छत्तीस वर्षांचं ब्रीद होतं. निवृत्तीनंतर ते स्वयंपाकघरातला नळ गळेपर्यंत टिकलं.

दुरुस्तीला आलेली बाई म्हणाली, "सर, ओळखलंत? नववी 'ब'मधली हौदवाली."

ओळखलं. एक नळ हौद भरतो, दुसऱ्यातून पाणी गळतं, तर हौद किती तासांत भरेल? तिनं लिहिलं होतं, 'आधी गळका नळ बंद करावा.' मी ते वर्गात वाचून हशा पिकवला आणि शून्य दिलं. पस्तीस टक्क्यांना दोन गुण कमी पडले, तिची शाळा सुटली.

"तुझंच उत्तर बरोबर होतं गं," मी म्हणालो. "पाचपैकी पाच."

"राहू द्या सर," ती पाना काढत म्हणाली. "आधी टाकीचा कॉक बंद करा."