ग्राहक फोनवर असताना

हा नियम तुम्ही केलात. वरच्या ऑफिसात, गार हवेत बसून केलात. काउंटरमागे एक दिवसही उभं न राहता केलात. ग्राहक फोनवर बोलत असेल तर त्याला टोकायचं नाही, हसऱ्या चेहऱ्याने थांबायचं. आणि यंत्रावर ऑर्डर उघडी असेल तर काउंटर सोडायचा नाही. आता दुपारच्या गर्दीत तुमचा नियम कसा दिसतो, ते बघा.

निळ्या शर्टवाला "एक बर्गर, आणि..." एवढंच म्हणाला आणि त्याचा फोन वाजला. काउंटरवरच्या मुलीने बर्गरचं बटण दाबलेलं होतं. म्हणजे ऑर्डर तिच्या नावावर उघडली. त्याने थांब म्हणून पंजा दाखवला आणि पाठ फिरवली.

"अगं, राखाडी नको. राखाडी सोफ्यावर बसलं की दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं."

तेवढ्यात आत भिंतीवरचा फोन वाजला. घरपोच मागवणाऱ्यांसाठीचा तो फोन. तळणीवरच्या मावशीने उचलला, ऐकला आणि जिथून ट्रे बाहेर सरकवतात त्या खिडकीतून डोकं काढलं.

"पोरी, तुझी ताई आहे. आईला ऑपरेशनला आत्ताच नेतायत. आई अडून बसलीय, आधी तुझ्याशी बोलायचं म्हणते."

ऑपरेशन संध्याकाळी होणार होतं. मुलगी सुट्टी मागायला गेली तेव्हा मॅनेजर म्हणाला होता, "संध्याकाळी आहे ना? मग दिवसभर उशाशी बसून माशा मारणार का?" डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितलं होतं, हमी देता येणार नाही.

"साहेब, ही ऑर्डर रद्द करा ना," ती मॅनेजरला म्हणाली. "आईशी बोलते आणि लगेच येते."

रद्द करायची किल्ली मॅनेजरच्या गळ्यात लटकत होती. पण रद्द केलेली प्रत्येक ऑर्डर तुम्हाला वर दिसते आणि तुम्ही त्याचा कान पिळता. त्याने किल्ली मुठीत धरली. कुणी हिसकावून घेईल अशी.

"त्यांचं बोलणं होऊ दे. असा किती वेळ लागणार आहे?"

वेळ लागत होता. सोफा राखाडीवरून हिरव्यावर आला होता. हिरव्यात कुठला हिरवा, हे ठरत नव्हतं.

रांगेतले एक आजोबा ओरडले, "अहो, तुमचा सोफा येईपर्यंत आम्हाला खुर्चीवर तरी बसू द्या!"

रांग हसली. निळा शर्ट हसला नाही. त्याने न वळताच पुन्हा पंजा दाखवला.

"सर," मुलगी पुढे वाकून म्हणाली, "बर्गरबरोबर आणखी काय देऊ?"

त्याने फोनवर हात ठेवला. "दिसत नाही का बोलतोय ते?"

आतून मावशीचा आवाज आला. "नर्स थांबत नाहीये गं. काय सांगू?"

मुलीने मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरने छताकडे पाहिलं.

"आग लागो तुमच्या नियमाला," मावशी म्हणाली. तिने फोनची वायर ताणली, खिडकीतून हात बाहेर काढला आणि रिसीव्हर मुलीच्या कानाला लावला. मुलगी काउंटरपासून तसूभरही हलली नाही. चेहऱ्यावरचं हसूही तिने तसंच ठेवलं, शिकवलं होतं तसं.

"आई."

"ताईला बाहेर पाठवलंय मी. तू एकटीने ऐक." आईला धाप लागली होती. "रडू नकोस. मला काही झालं तर आपल्या धाकट्याला घेऊन तू थेट..."

"वा!" निळा शर्ट वळला होता. सोफा ठरला होता. "ग्राहक समोर उभा आहे आणि ही बाई फोनवर गप्पा मारतेय! रीतभात म्हणून काही शिकवता की नाही यांना?"

मॅनेजर आत धावला आणि भिंतीवरच्या फोनचा खटका त्याने अंगठ्याने दाबला.

"माफ करा सर," तो बाहेर येऊन म्हणाला. "नवीन आहे ती." ती नवीन नव्हती. "बोला, आणखी काय देऊ?"

"एक थंड पेय. बर्फ कमी. आणि हिला म्हणावं जरा नीट हस. रडवं तोंड बघायला येतो का आम्ही?"

मुलगी नीट हसली. थंड पेयाचं बटण दाबलं. ऑर्डर मिटली. मग ती आत पळाली. मावशीने तोवर ताईचा नंबर परत लावला होता.

"नेलं गं," ताई म्हणाली. तिला हुंदका आवरत नव्हता. "दार लावून घेतलं. फोन तुटल्यावर ती तुझंच नाव घेत होती, पण गोळी दिलेली, जीभ जड झाली, मला काही कळेना. काय बोलली गं तुझ्याशी? मला बाहेर काढण्यासारखं काय होतं? सांग ना."

स्वयंपाकघराच्या दारात मॅनेजर उभा राहिला.

"नंतर बोल घरच्यांशी. बाहेर रांग बघ केवढी झालीय."

मुलीने रिसीव्हर त्याच्यापुढे धरला. आतून ताईची हाक ऐकू येत होती.

"साहेब, माझी बहीण विचारतेय, आई काय म्हणाली. घ्या. सांगा तिला."