चिंचेची पुडी

परळीजवळच्या कारखान्याच्या कचेरीत शिवकन्या एकटीच बाई. “दिवस गेले की नोकरी सोडायची,” सासूबाई उठसूट म्हणायच्या. म्हणून मुलाचा विचार करण्याआधी तिनं हेडक्लार्क शिवलिंगप्पांनाच गाठलं. “काका, बाळंतपणात नोकरी राहती का?” “राहती की! रजा हक्काची, तीबी भरपगारी!” असलं कुणी आधी विचारून ठेवतं, हे काकांच्या गावीही नव्हतं, ते गोड बातमीच समजले. संध्याकाळी ती घरी आली, तर सासूबाई दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या, कमरेला काकांनी धाडलेली चिंचेची पुडी. आणि काकांचा फोन येताच आपला एसटीडी बूथ बंद करून आलेला नवरा रुसलेला. “मला कावून न्हाई सांगितलं?” “अवो, अजून काहीच न्हाई! नुसतं रजेचं इचारलं. नोकरी राहती, पगारबी मिळतो.” सासूबाईंचा चेहरा पडला. मग चिंच बरणीत भरत म्हणाल्या, “ही नासत न्हाई. अन् पगारबी मिळतो, मंग उशीर कावून?”