पक्का रंग

"स्वेटर काढा, बाबा."

"तपासणी डोळ्याची होती ना?"

"ती झाली. ही माझी प्रयोगशाळा. इथे फक्त सुती कपडे चालतात. तुमच्या स्वेटरचा एक धागा उडून बशीत पडला, तर तो मला माशाच्या नावावर लिहावा लागेल."

वडिलांनी स्वेटर काढून खुंटीला लावला आणि मुलीने दिलेला पांढरा कोट चढवला. चढवताना बाही दोन बोटांत चोळून पाहिली. "खळ जास्त झालीय," असा निकालही दिला. मासेमारीच्या होड्यांसाठी नायलॉनचे दोरखंड बनवणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं रंगारी म्हणून काढल्यामुळे माणसाच्या आधी कापडाची विचारपूस करायची त्यांना सवय होती.

मुलीला संध्याकाळपर्यंत बारा माशांच्या नोंदी पुऱ्या करायच्या होत्या, म्हणून डॉक्टरांकडून परतताना ती त्यांना इथेच घेऊन आली होती. वडील स्टुलावर वीस मिनिटं पाहुण्यासारखे बसले.

"एवढं काय बघतेस त्यात?"

"माशांच्या पोटात काय सापडलं ते."

"कोणाचं खाल्लेलं काढू नये गं," वडील म्हणाले आणि उठले. "सरक जरा. डोळा नवा आहे, वापरून बघतो."

बशीत पापणीच्या केसाहून बारीक एक धागा होता. भिंगातून मात्र तो पुन्हा दोरखंडाएवढा दिसत होता. वडील बराच वेळ वाकून उभे राहिले.

"हा अबोली," ते म्हणाले.

"आमच्याकडे नारिंगी म्हणतात. तक्त्यात आठच रंग आहेत."

"आठ रंगांत काय होतंय? हा अबोली आहे. माझा आहे."

मुलीने हातातली पेन्सिल खाली ठेवली. हा रंग दुसऱ्या कुठल्या कारखान्याला जमला नव्हता, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. 'दोरी तुटेल, रंग सुटणार नाही' ही कारखान्याच्या भिंतीवरची ओळही वडिलांचीच. पुढे एकदा दोरी सहा महिन्यांत पांढरी पडल्याची तक्रार आली आणि मालकांनी अख्ख्या रंगखात्यासमोर त्यांना घरी जायला सांगितलं. त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून घरात अबोली रंगाचा विषय निघाला की वडील दोन दिवस अबोला धरत.

"किती वर्षं पाण्यात असेल हा?"

"तुमचा असेल तर निदान एकोणीस."

"आणि रंग बघ. जरा तरी उडालाय?"

"नाही, बाबा."

"मालक असायला हवे होते," वडील म्हणाले. मालक जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांचा फोटो पेपरात आला, त्या दिवशी वडिलांनी पेपर न उघडता रद्दीत टाकला होता. "किती माशांत सापडला?"

"बारापैकी नऊ."

"नऊ." शाळेचा निकाल ऐकावा तसं त्यांनी ते ऐकलं. "मला लिहून दे. रंग उडालेला नाही, एवढंच. शिक्क्यासकट."

मुलीने नोंदीचा कागद पुढे ओढला. 'नारिंगी' खोडून वर 'अबोली' लिहिलं. असा रंग तक्त्यात नसल्याबद्दल तिला साहेबांना उत्तर द्यावं लागणार होतं. 'न उडालेला' असंही लिहिलं. वडील पुन्हा भिंगावर वाकले होते.

"चुकून जातो का गं हा त्यांच्या पोटात?"

हो म्हणणं सोपं होतं. कागद तयार होता, शिक्का हाताशी होता.

"काही वेळा चुकून," ती म्हणाली. "पण बरेचदा रंग बघून येतात. ज्या बारीक जिवांवर ते जगतात, ते याच रंगाचे असतात."

"मग?"

"मग पोट भरल्यासारखं वाटतं. भूक लागत नाही."

वडिलांनी नवा डोळा मिटला आणि अजून ऑपरेशन न झालेल्या, सगळं धुरकट दाखवणाऱ्या डोळ्याने भिंगातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग सरळ झाले.

"कागद झाला?"

"एक जागा राहिलीय."

"कशाची?"

"उगम. धागा आला कुठून, ते. दोन वर्षं मी तिथे 'अज्ञात' लिहितेय."

"पेन दे."

"बाबा, तिथे नको. सही खाली करा हवं तर."

"आमच्याकडे रंगाच्या प्रत्येक घाण्याच्या चिठ्ठीवर रंगाऱ्याची सही असायची," वडील म्हणाले. "माल चांगला निघाला तर ती कोणी बघायचं नाही."

जवळचा चष्मा पुढच्या आठवड्यात मिळणार होता. ते बोटाने कागदावर जागा चाचपू लागले. शेवटी मुलीनेच ते बोट धरून योग्य ओळीवर ठेवलं. त्यांनी सही केली, जुन्या वळणाची, शेवटच्या रेघेसकट. सवयीने तिच्याखाली तारीख घालायला पेन टेकवलं आणि थांबले.

"आजची घालू," त्यांनी विचारलं, "की तेव्हाची?"