बिनशपथेचा माणूस

"प्रभूसाठी मी सिंहाच्या जबड्यात जाईन!" अशी साक्ष उत्तमरावांनी रविवारी उंद्रीच्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात उभं राहून दिली. उपासना संपली तेव्हा दारात शेजाऱ्याचं कुत्रं बसलं होतं, म्हणून ते मागच्या खिडकीतून बाहेर पडले.

मंगळवारी सिंहाऐवजी बकरी आली.

हिंमतरावाचा मेथीचा अख्खा वाफा पहाटे कोणीतरी फस्त केला होता. लेंड्या बकरीच्या होत्या, एवढ्यावर गावाचं एकमत झालं. महाराष्ट्र नवा होता, ग्रामपंचायत नवी होती, सरपंच अर्जुनरावांची टोपीही नवी होती. निवाड्याची रीत मात्र जुनीच. पारावर शपथेसाठी बेलभंडारा ठेवला. बकरीवाल्या प्रत्येकानं तो उचलून 'माही बकरी नव्हती' म्हणायचं. कोणी कबूल झालं नाही, तर झुंबरबाईची बकरी पंधरा दिवस कोंडवाड्यात. ती बकरी वढाळ म्हणून नावाजलेली. झुंबरबाई एकटी बाई, तिची चूल त्या बकरीच्या दुधावर पेटायची.

उत्तमरावांना सगळं ठाऊक होतं. त्यांची बकरी सकाळी खुंटा उपटून, दाव्यासकट फरफटवत घरी आली होती, आणि तिच्या दाढीला मेथी लागलेली होती. पंधरा वर्षं ते याच पारावर प्रभूची वार्ता सांगत होते. लोक ऐकत, तंबाखू मळत आणि उठून जात. एक प्रश्न म्हणून कोणी कधी विचारला नाही. चोरट्या बकरीचा धनी ठरल्यावर तर ऐकायलाही कोण बसणार?

त्यांची पाळी आली. अर्जुनरावांनी हात हलवला.

"यायच्यात शपथ नसते. सोडा त्यायले. चाला, पुढं कोन?"

सुटकेची वाट खुद्द धर्मानंच काढून दिली होती. उत्तमरावांनी मनातल्या मनात प्रभूचे आभार मानले आणि ते खाली बसू लागले.

पुढं झुंबरबाई होती. बेलभंडाऱ्याकडे पाहत ती नुसतीच उभी राहिली. मग उत्तमरावांकडे वळली.

"काऊन नसते हो भाऊ तुमच्यात शपथ?"

उत्तमराव अर्धे बसलेले तसेच थांबले. पंधरा वर्षांतला पहिला प्रश्न! याच्यासाठी त्यांनी गुडघे झिजवले होते. दिवस तेवढा त्यांनी निवडला नव्हता.

"प्रभूनं सांगतलं," ते परत उठत म्हणाले, "शपथ वाहू नका. हो तर हो म्हना, नाही तर नाही."

"मंग म्हना ना!" हिंमतराव मागून ओरडला. "हो का नाही?"

 उत्तमरावांनी एकदा बेलभंडाऱ्याकडे आणि एकदा झुंबरबाईकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "माही बकरी होती."

बकरी कोंडवाड्यात गेली. घरी त्यांच्या पत्नी केसरबाई बिनदुधाचा काळा चहा देऊ लागल्या, तोही कप आपटून.

पुढच्या रविवारी उत्तमराव साक्ष द्यायला उठलेच नाहीत. उपासना रंगात आली होती, आणि दारात झुंबरबाई उभी राहिली. पाळकांचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. पारावरचं माणूस त्या दारात कधी आलं नव्हतं. ती बायकांच्या सतरंजीवर शेवटपर्यंत बसली आणि नंतर अंगणात उत्तमरावांजवळ आली. त्यांचे डोळे आधीच भरून आले होते.

"भाऊ," ती हळूच म्हणाली, "माह्यानं बेलभंडारा उचलवत नव्हता. माही बकरी बी तुमच्या बकरीसंगच होती. तुमी हो म्हनलं अन् माही पाळीच टळली. तवापासून झोप नाही. म्हनलं, तुमाले तरी हो म्हनून यावं."

प्रार्थनेसाठी उत्तमरावांचे हात आपोआप जुळले.

"अजून एक," ती म्हणाली. "तुमची कोंडवाड्यात हाय, तवर तिचं दावं रिकामंच असन. तेवढं देजा. माहीचं तुटलं."