चांगली बाजू

"ताई, लाईट कपाळावर नको, गालावर हवा. वर्षभर अभ्यास करून शिणलंय ते कपाळ, त्याला सुट्टी द्या."

स्टुलावरची मुलगी हसली. शाळा संपल्याचा काळा गाऊन तिला दोन मापं मोठा होता आणि चौकोनी टोपी सारखी कानावर घसरत होती. ताईंनी सॉफ्टबॉक्स, म्हणजे दिव्याची ती पांढरं कापड लावलेली मोठी पेटी, हातभर खाली घेतली. मुलीच्या दोन्ही डोळ्यांत एकेक चौकोनी ठिपका चमकला.

"आत्ता चेहऱ्यात जीव आला," मास्तर म्हणाले.

ताईंना मास्तरांच्या या स्टुडिओत फोटो काढायला शिकायला लागून दहा महिने झाले होते. नवरा कामावर गेला की त्या यायच्या. या वयात हे काय नवीन, असं शेजारणी विचारत, तेव्हा त्या "हौस" एवढंच सांगत. हौस कसली! पर्समध्ये एक फोटो होता, त्याच्यापायी हा सगळा उपद्व्याप.

फोटो लेकीचा होता. निकालाच्या आठवड्यात बापलेकीचं कडाक्याचं वाजलं आणि पोरगी एक बॅग उचलून निघाली. दारात थांबून म्हणाली, "आई, चल." ताई जागच्या हलल्या नाहीत. महिन्याभरानं पोस्टानं हा फोटो आला. असाच गाऊन, अशीच टोपी. मागे लिहिलं होतं, 'पास झाले. काळजी करू नकोस.' पत्ता नाही, फोन बंद. मुलगी सज्ञान आहे, असं म्हणून पोलिसांनी हात झटकले.

फोटो घेऊन ताईंनी अकरा स्टुडिओ पालथे घातले. सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. बारावा स्टुडिओ मास्तरांचा. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

"माझा नाही," ते म्हणाले. मग फोटो परत देत, "पण लाईट शिकलात तर डोळ्यांतल्या ठिपक्यावरून दिवा ओळखता येतो. या उद्यापासून."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या, तेव्हा मास्तर खोक्यातून नवाकोरा सॉफ्टबॉक्स काढत होते. नवी शिकाऊ, नवी पेटी, असं म्हणून स्वतःच हसले.

ताई शिकल्या. गोल ठिपका दिव्यावर लावायच्या छत्रीचा, चौकोनी पेटीचा. लेकीच्या डोळ्यांतला चौकोनी होता, पण त्याचा खालचा एक कोपरा कुरतडल्यासारखा. त्यांनी तो भिंगाखाली इतक्यांदा पाहिला होता, की डोळे मिटले तरी तोच दिसे.

"कोपऱ्यावर काहीतरी चिकटवलेलं असेल," मास्तर म्हणाले होते. "अशा पेट्या गावात ढिगानं." आणि कॅमेऱ्याची आधीच स्वच्छ असलेली काच पुसत बसले होते.

शनिवारी ताईंची परीक्षा असायची. स्वतः लाईट लावायचा, स्वतःच स्टुलावर बसायचं, मास्तर फोटो काढणार. चेहरा धुऊन या, पावडर नको, ही त्यांची अट. दोन प्रती निघत. एक ताईंना, एक मास्तरांच्या फाईलला.

"पुन्हा उजवीकडूनच लाईट?" गेल्या शनिवारी त्यांनी विचारलं. "डावा गाल अंधारात जातोय."

"प्रत्येकाची एक बाजू चांगली असते, असं तुम्हीच शिकवलंत ना? माझी उजवी."

"बघू तरी डावी."

"नको हो मास्तर. दाढ दुखतेय, गाल सुजलाय."

"गेल्या महिन्यातही दाढच होती."

"ती काय सांगून दुखते?" ताई हसल्या. मास्तर हसले नाहीत.

आज गाऊनवाल्या पोरींची रांग जिन्यापर्यंत होती. चौथ्या मुलीला दिवा फट् करून गेला आणि वर पेटीचं कापडही करपलं. मास्तर सामान आणायला धावले. पोरी कुरकुरायला लागल्या. ताईंना आठवलं, पडद्यांच्या गुंडाळ्यांमागे कापडात बांधलेलं काहीतरी उभं असतं.

सोडून पाहिलं तर जुना सॉफ्टबॉक्स. दिव्यासकट. त्यांनी तो उभा केला, बटण दाबलं. खालचा एक कोपरा फाटलेला होता आणि त्यावर काळी पट्टी चिकटवलेली.

ताईंनी स्टुलावरच्या मुलीचा फोटो काढला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्यांनी तिचा डोळा मोठा केला, आणखी मोठा केला. चौकोन. खालचा कोपरा कुरतडलेला.

मास्तर दारात उभे होते. काखेत खोकं तसंच. त्यांनी बाकीच्या पोरींना उद्या यायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं.

"कुठं आहे ती?" ताईंनी विचारलं. "दहा महिने, मास्तर. रोज तुमच्यासमोर रडले मी. एवढी रागावलीय का माझ्यावर?"

"तिला शब्द दिला होता. घरी कळता कामा नये म्हणाली."

"मी काय घर आहे?"

मास्तरांनी टेबलाचा खण उघडला, चाचपडून एक घडी घातलेला कागद काढला आणि ताईंच्या हातात दिला. "परवा आलाय," म्हणाले, आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

अक्षर ताईंनीच पाटीवर गिरवून घेतलेलं होतं. दोनच ओळी होत्या.

'काका, शनिवारचा फोटो मिळाला. पुढच्या वेळी लाईट डावीकडून लावा. तुम्ही लिहिलंत ती त्या बाजूची दाढ आईनं चार वर्षांपूर्वीच काढून घेतलीय.'