भलत्या बाजूची पट्टी

बाबा गेले तेव्हा त्यांच्या वाद्यं घडवायच्या बाकड्यावर एक व्हायोलिन उरलं होतं, फक्त तारा चढवायच्या राहिलेलं. दादाने फटीतून छोटा आरसा आत घालून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"आतली आधाराची पट्टी जाड तारेखाली हवी, यांनी भलत्याच बाजूला चिकटवलीये! नवशिक्यासुद्धा असं करणार नाही. म्हातारा शेवटी पार भ्रमिष्ट झाला होता बघ. शेगडीत घालायच्या लायकीचं आहे हे."

"तोंड सांभाळ, दादा!" त्याची धाकटी बहीण कडाडली. खरं तर तिला जास्त राग बाबांचाच होता. लहानपणी तिने कमान डाव्या हातात धरली, तर त्यांनी ती गिऱ्हाइकांदेखत हिसकावून घेतली होती. "डावखुऱ्यांसाठी या घरात व्हायोलिन होत नाही," असं ठणकावलं होतं. त्यानंतर तिने वाद्याला हात लावला नाही, आणि बाबांच्या आजारपणातही दोघं औषधांपलीकडे काही बोलले नाहीत.

"भलत्या बाजूला म्हणजे?" तिने एकदम विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता व्हायोलिन ओढून घेतलं. बाबांचं बघून बघून शिकलेल्या हातांनी तिने तारा उलट्या क्रमाने चढवल्या. जाड तार बरोबर पट्टीवर आली. डाव्या हातातली कमान तिने तारेवरून फिरवली, तसा भरदार सूर खोलीभर घुमला.



"एवढं करता आलं, तर तोंडाने दोन शब्द बोलायला काय धाड भरली होती, बाबा?" ती रिकाम्या बाकड्यावर ओरडली.