कोऱ्या कागदवाले

"मावशी, बावीस जणांनी पत्रकाच्या तळाशी दोऱ्याबद्दल आभार लिहिलेत. कसला दोरा?"

कालीनाने पत्रकांचा गठ्ठा टेबलावर आपटला. प्लोव्दिवच्या विद्यापीठात ती मानसशास्त्राची संशोधक, आणि नेद्याल्का मावशी तिची प्रयोगशाळेतली मदतनीस. प्रयोग साधाच होता. बर्फाच्या पाण्यात हात बुडवायचा, सोसवेल तितका वेळ ठेवायचा. निम्म्यांसमोर त्यांच्या जिवलग माणसाचा फोटो, निम्म्यांसमोर कोरा कागद. फोटोवाले जास्त टिकतील, असा कालीनाचा कयास. पण कसलं काय! दोन्ही गट बरोबरीत. महिनाअखेर फरक दिसला नाही तर विषय बंद, असं विभागप्रमुखांनी बजावलं होतं.

"कसला म्हणजे? मार्च चालू आहे ना, पोरी! लाल-पांढरा दोरा. मनगटाला बांधला, 'धडधाकट राहा' म्हटलं. दरवर्षी बांधतोच की आपण."

"सगळ्यांना बांधलात?"

"छे! कोऱ्या कागदवाल्यांनाच. फोटोवाल्यांपाशी त्यांचं माणूस होतं. ही बिचारी नुसत्या कागदाकडे बघत कुडकुडत होती. बघवेना मला."

कालीनाने कपाळाला हात लावला. कोण कुठल्या गटात आहे हे स्वतःला कळू नये म्हणून तिने जंग जंग पछाडलं होतं. पाण्याशेजारी बसणाऱ्या मावशीला मात्र सगळं दिसत होतं, आणि ते कालीनाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मावशीवर चिडावं की स्वतःवर, तिला कळेना. चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस पत्रकांवर तिने आडवी रेघ मारली. मारताना रडू येत होतं.

"उद्या पहिल्यापासून," ती म्हणाली. "माणसं नवी. फोटो किंवा कागद बंद पाकिटात. तुम्ही पडद्याआड गेलात की मगच त्यांनी पाकीट उघडायचं."

मावशी रेघा मारलेली पत्रकं गोळा करू लागली.

"म्हणजे कोरा कागद कोणाला आला, ते मला कळणारच नाही?"

"नाही."

मावशीने एप्रनच्या खिशातून दोऱ्याची गुंडाळी काढली आणि किती उरलाय ते पाहिलं.

"मग सगळ्यांनाच बांधते."

कालीना 'नको' म्हणायला गेली. पण दोन्ही गटांना सारखाच दोरा, यात चूक कुठे काढावी, ते तिला सापडेना.